तीन बोटं, तीस टक्के : जखमी कामगाराच्या परतीच्या वाटेचा इतिहास

(पॉडकास्टच्या भागाचं शब्दांकन. वाचायला सोपं जावं म्हणून थोडं नीटनेटकं केलंय, पण बोलण्याचा सूर तसाच ठेवलाय.)



चारठाण्याचं नाव निघालं की लोक विचारतात ते जुन्या मंदिरांबद्दल, बारवेबद्दल, त्या उंच कोरीव दगडी खांबाबद्दल. परभणी जिल्ह्यातलं, जिंतूर तालुक्यातलं आमचं हे गाव यादवकाळाच्या खुणांसाठी ओळखलं जातं, आणि खरं सांगायचं तर आजचा भागही त्यावरच करायचा होता. टिपणं काढून झाली होती. पण दिवाळीत गावी गेलो आणि विषय बदलला.

झालं असं. माझा एक चुलत भाऊ पुण्याकडच्या एका औद्योगिक वसाहतीत प्रेस मशीनवर होता. कंत्राटी. पत्रा ठेवायचा, प्रेस खाली येणार, तयार तुकडा काढायचा, पुन्हा पत्रा. दिवसाला हे शेकडो वेळा. एके दिवशी तुकडा काढताना प्रेस दुसऱ्यांदा खाली आला आणि उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. अंगठा राहिला, करंगळी राहिली. ईएसआयमध्ये नाव होतं, त्यामुळे उपचार झाले, सुट्टीतले पैसे मिळाले, नंतर महिन्याची पेन्शनही सुरू झाली. म्हणजे कागदावर सगळं रीतसर झालं.

ओसरीवर बसलो होतो. मी म्हणालो, "चल, निदान पैशाचं तरी नीट झालं."

तो म्हणाला, "पैशाचं नाही म्हणत मी, दादा. पण सकाळी सहाला उठून आता जाऊ कुठं?"

मला उत्तर देता आलं नाही. परत आल्यावर मी यादव बाजूला ठेवले आणि एकच गोष्ट शोधत बसलो. काम करताना माणूस जखमी झाला, तर त्याला पुन्हा कामावर आणायची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न आपल्या महाराष्ट्रात कुणी कधी विचारला होता का? विचारला होता. आणि तोही फार आधी. आजचा भाग त्याबद्दल.

सुरुवात जरा मागून करतो, कारण जखमेचा हिशेब आपल्याकडे कारखान्यांच्याही आधीपासून आहे.

कृष्णाजी अनंत सभासदानं लिहिलेली बखर तुम्हाला माहीत असेल. राजाराम महाराजांच्या काळात, जिंजीला लिहिलेली. त्यात अफजलखानाच्या लढाईनंतरचा, म्हणजे १६५९ नंतरचा, एक तपशील येतो. लढाईत जे जखमी झाले त्यांना जखम बघून पैसे दिले: कुणाला दोनशे होन, कुणाला शंभर, कुणाला पन्नास, कुणाला पंचवीस. जे पडले त्यांच्या मुलांना चाकरीत घेतलं, आणि ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना निम्मं वेतन चालू केलं.

आपण हे वाचतो आणि महाराजांच्या उदारपणाबद्दल बोलतो. ते बरोबरच आहे. पण मला त्यात आणखी दोन गोष्टी दिसल्या. एक, जखमेची प्रतवारी आहे. मोठी जखम, मोठी रक्कम. आणि दुसरी, पडलेल्याच्या घरात पुन्हा चाकरी जाते. म्हणजे पैसा आणि काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घर उभं राहायला दोन्ही लागतात, हे तिथे कुणाला तरी कळलेलं होतं. या दोन गोष्टी लक्षात ठेवा. पुढच्या सव्वाशे-दीडशे वर्षांच्या गोष्टीत पहिली पुढे जाते आणि दुसरी मागे पडते.

आता मुंबईत येऊ.

मुंबईत पहिल्या कापड गिरणीची उभारणी झाली १८५४ साली. पुढच्या तीस वर्षांत परळ, भायखळा या भागांतून धुराडी दिसू लागली. कोकणातून, घाटावरून माणसं आली. त्या काळची गिरणी डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक यंत्राला वेगळी मोटर नव्हती. एक मोठं वाफेचं इंजिन, छतालगत फिरणारे लांब दांडे, आणि त्या दांड्यांवरून खाली प्रत्येक मागापर्यंत आलेले चामड्याचे पट्टे. धोतराचा सोगा, लुगड्याचा पदर, मोकळे केस, काहीही त्या पट्ट्यात अडकलं की माणूस ओढला जायचा. १८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा आला. त्यात लहान मुलांच्या कामाच्या तासांवर बंधन होतं आणि धोकादायक यंत्रांना कुंपण घालण्याची तरतूद होती. पण कुंपण नसल्यामुळे हात गेला तर पुढे काय, याबद्दल काही नव्हतं.

इथे येतात नारायण मेघाजी लोखंडे. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते, 'दीनबंधु' पत्राचे संपादक. आपण त्यांना कशासाठी ओळखतो? रविवारच्या सुट्टीसाठी. १० जून १८९० या दिवशी ती सुट्टी मान्य झाली, हे शाळेतल्या पोरांनाही आता माहीत असतं. पण त्याच्या सहा वर्षं आधी काय झालं, ते बघा.

१८८४ साली मुंबई सरकारनं कारखान्यांच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला. लोखंड्यांनी सप्टेंबरमध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि आयोगासाठी एक निवेदन तयार केलं. त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या. मागण्या मोजक्या होत्या. आठवड्याला रविवारची सुट्टी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती. काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. आणि शेवटची मागणी अशी, की कामावर असताना जो कामगार जबर जखमी होईल त्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि जो जन्माचा अपंग होईल त्याच्या उपजीविकेची योग्य सोय व्हावी.

थोडं थांबून या शेवटच्या मागणीकडे बघू. तिच्यात दोन भाग आहेत. पहिला: बरा होईपर्यंत पूर्ण पगार. निम्मा नव्हे, पूर्ण. दुसरा: अपंग झाला तर उपजीविकेची सोय. लोखंड्यांनी एकरकमी पैसे मागितले नाहीत, बोटाची किंमतही मागितली नाही. त्यांच्या मागणीत शब्द आहे तो उपजीविकेचा. माझ्या भावाचा ओसरीवरचा प्रश्न एकशेचाळीस वर्षांपूर्वी साडेपाच हजार माणसांच्या सह्यांनी सरकारच्या टेबलावर ठेवलेला होता.

योगायोग बघा. त्याच वर्षी, जुलै १८८४ मध्ये, जर्मनीत बिस्मार्कच्या सरकारनं कामगार अपघात विम्याचा कायदा केला. बिस्मार्क काही कामगारांचा कैवारी नव्हता. समाजवाद्यांचा जोर कमी करायचा, हा त्याचा हिशेब होता. पण त्या कायद्याची रचना मात्र हुशारीची होती. एकेका उद्योगातल्या मालकांनी मिळून एक मंडळ करायचं आणि अपघातांचा सगळा खर्च त्या मंडळानं उचलायचा. आता या मंडळांच्या लक्षात एक गोष्ट आली. माणसाला आयुष्यभर पेन्शन देत बसण्यापेक्षा त्याला नीट बरं करून कामावर पाठवणं स्वस्त पडतं! मग १८९० साली बोखुम या कोळसा खाणींच्या शहरात खाण कामगारांसाठी खास अपघात रुग्णालय उघडलं गेलं. पुढे तिथे हे तत्त्वच होऊन बसलं: आधी माणूस पुन्हा उभा करा, पेन्शन नंतर.

म्हणजे कामगाराला परत आणण्यासाठी मालकाचं मन मोठं असावंच लागतं असं नाही. त्याला परत न आणणं महाग पडेल, अशी व्यवस्था असावी लागते.

मुंबईत उलटं होतं. गिरणीच्या दाराशी रोज सकाळी बदली कामगारांची रांग असायची. कुणाला आत घ्यायचं ते मुकादम, म्हणजे जॉबर, ठरवायचा. एकाचा हात गेला तर दुसरा दोन हातांचा माणूस दारात उभाच होता. मग जखमी माणसाला शिकवून, बरा करून परत घ्यायची गरज कुणाला वाटणार? तो गावी जायचा. त्याचा खर्च गिरणीनं नाही, रत्नागिरीच्या नाहीतर साताऱ्याच्या एखाद्या घरानं उचलला. आमच्या भावाचा खर्च आज चारठाण्याचं घर उचलतंय, तसाच.

लोखंडे १८९७ साली मुंबईच्या प्लेगमध्ये गेले. कायदा यायला आणखी पंचवीसेक वर्षं लागली.

तो १९२३ चा. वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन अ‍ॅक्ट, आपल्या भाषेत कामगार नुकसानभरपाई कायदा. लागू झाला १ जुलै १९२४ पासून. त्या वेळी मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांच्या वतीनं ना. म. जोशी होते. सोशल सर्व्हिस लीगचे, पुढे गिरणी कामगारांची संघटना उभी करणारे. या कायद्यानं एक मोठी गोष्ट केली. चूक मालकाची होती हे सिद्ध करायची अट काढून टाकली. अपघात कामामुळे आणि कामावर असताना झाला, एवढं पुरे. त्या काळासाठी ही मोठीच झेप होती.

पण या कायद्याला शेवटी एक कोष्टक जोडलेलं होतं, आणि ते वाचताना मला सभासद आठवला. उजवा हात कोपरात किंवा कोपराच्या वर गेला तर कमाईची ताकद ७० टक्के कमी झाली असं धरायचं. डावा हात तसाच गेला तर ६० टक्के. एक डोळा, ३० टक्के. अंगठा, २५. तर्जनी, १०. दुसरं कुठलंही बोट, ५. माणूस कायमचा पूर्ण निकामी झाला तर ४२ महिन्यांचा पगार, पण साडेतीन हजार रुपयांच्या वर नाही. मेला तर ३० महिन्यांचा, अडीच हजारांच्या वर नाही. तात्पुरता जखमी असेल तर पहिले दहा दिवस काहीच नाही, नंतर साधारण अर्ध्या पगाराइतकी रक्कम.

लोखंड्यांनी पूर्ण पगार मागितला होता, चाळीस वर्षांनी अर्धा मिळाला. आणि 'उपजीविकेची सोय' या शब्दांच्या जागी आलं हे टक्क्यांचं कोष्टक. माणूस कामावर परत जाणार की नाही, याबद्दल कायदा गप्प.

आता तुम्ही म्हणाल, त्या काळात जखमी माणसाला नवं काम शिकवायचं हे कुणाला सुचलंच नसेल. सुचलं होतं, आणि मुंबईतच. १९१७ साली. पहिलं महायुद्ध चालू होतं. मेसोपोटेमियातून, फ्रान्समधून हातपाय गमावलेले हिंदी शिपाई मुंबईच्या बंदरात उतरत होते. गव्हर्नरच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकारानं या शिपायांसाठी एक शाळा सुरू झाली, क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल. ती पुढे पुण्याला खडकीत आली आणि आजही तिथे आहे. शिवणकाम, सुतारकाम, इंजिन चालवणं असे धंदे तिथे शिकवले जात. पाय नाही, पण हात आहेत ना? मग हातांचं काम शिक. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्रही उभं राहिलं, तेही सैनिकांसाठीच.

म्हणजे ज्ञान होतं. शाळा होती. कृत्रिम हातपाय बनवणारे कारागीर होते. आणि या सगळ्यापासून परळच्या गिरण्या रेल्वेनं काही तासांच्या अंतरावर होत्या. शिपायाला परत उभं करायचं, कारण उद्या पुन्हा भरती करायची तर गावागावांत सरकारची पत राहायला हवी. गिरणी कामगारासाठी मात्र दाराशी बदलीची रांग होतीच. फरक वैद्यकीय ज्ञानाचा नव्हता. कुणाची गरज कुणाला होती, एवढाच होता.

स्वातंत्र्यानंतर चित्र बरंच बदललं, हे मान्य करायला हवं. १९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. ईएसआय म्हणतो तो हाच. १९५२ साली कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली आणि १९५४ साली मुंबईत आली. इथे पैशाबरोबर दवाखाना आला. मालकाची वर्गणी, कामगाराची वर्गणी, आणि त्यातून उपचार. आज तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात सरासरी रोजंदारीच्या ९० टक्के रक्कम मिळते. लोखंड्यांच्या पूर्ण पगाराच्या अगदी जवळ.

१९५५ साली मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था सुरू झाली. कृत्रिम अवयव, व्यायामोपचार, रोजच्या कामांचा सराव, सगळं एका जागी. १९६८ साली केंद्र सरकारनं मुंबईत अपंगांसाठी व्यवसाय पुनर्वसन केंद्र काढलं. सैनिकांसाठी जे १९१७ साली मुंबईत सुरू झालं होतं ते पन्नास वर्षांनी साध्या माणसांपर्यंत आलं.

पण १९४८ च्या ईएसआय कायद्यातलं कलम ७३ बघा. कामगार आजारी असताना, किंवा अपघातानंतर तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ घेत असताना, मालकाला त्याला कामावरून काढता येत नव्हतं. चांगलं कलम होतं. पण त्याचा दुसरा अर्थ काय होत होता? जोवर तो बरा होतोय तोवर संरक्षण. ज्या दिवशी डॉक्टर लिहायचा की आता कामावर जायला हरकत नाही, त्या दिवशी हे संरक्षण संपायचं. म्हणजे ज्या दिवशी त्याला सगळ्यात जास्त गरज असते, नेमक्या त्या दिवशी.

माझ्या भावाचं तेच झालं. फिटनेसचा कागद घेऊन तो गेला. तिथल्या एका सुपरवायझरनं माणुसकीनं त्याला स्टोअरमध्ये घेतलं, माल मोजायचा, नोंद करायची. डाव्या हातानं लिहायला शिकला तो. तीन महिने चाललं. मग कंत्राटदार बदलला. नव्या कंत्राटदाराच्या यादीत याचं नाव नव्हतं. कुणी काढलं म्हणावं? जुना म्हणतो माझं कंत्राट संपलं. नवा म्हणतो हा माझा माणूसच नाही. कंपनी म्हणते आम्ही याला नेमलंच नव्हतं. ईएसआयची वर्गणी भरली जावी म्हणून कायदा मूळ मालकाला धरतो, पण काम द्यायला कुणालाच धरत नाही.

आता तीस टक्क्यांबद्दल. आजच्या कोष्टकात एका हाताची तीन बोटं म्हणजे ३० टक्के. समजा पगार पंधरा हजार होता. त्याचे ९० टक्के म्हणजे साडेतेरा हजार, आणि त्याचे ३० टक्के म्हणजे ४,०५० रुपये. एवढी पेन्शन महिन्याला, हयात आहे तोवर. काहीच नाही असं मी म्हणणार नाही. पण प्रेस चालवणाऱ्या माणसाला उजव्या हातानं पत्रा धरता येत नसेल, तर त्याची कमाई तीस टक्क्यांनी नाही, शंभर टक्क्यांनी गेलेली असते.

हे सर्वोच्च न्यायालयानंही एकदा ओळखलं होतं. ओडिशात १९६८ साली एका चित्रपटगृहाच्या कामावर एक सुतार पडला. डावा हात कोपरापासून काढावा लागला. मालकाचं म्हणणं, कोष्टकाप्रमाणे टक्के लावा. भरपाई आयुक्तांनी म्हटलं, एका हातानं सुतारकाम होत नाही, तेव्हा नुकसान शंभर टक्के. प्रकरण वर गेलं आणि १९७५ साली चार न्यायमूर्तींच्या पीठानं आयुक्तांचं म्हणणं उचलून धरलं. हात मोजू नका, त्या हाताचं काम मोजा, असा त्याचा साधा अर्थ. ज्यांची केस १९२३ च्या कायद्याखाली चालू आहे, त्यांनी आपल्या वकिलाला या निकालाबद्दल जरूर विचारावं.

पण हाही निकाल शेवटी पैशाचाच. परत कामावर घ्या, असं सांगणारा कायदा यायला १९९५ उजाडलं. त्या वर्षीच्या अपंग व्यक्ती कायद्यात कलम ४७ होतं, आणि २०१६ च्या नव्या कायद्यात ते कलम २० मध्ये आलं. नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून माणसाला काढायचं नाही, त्याचा दर्जा खाली आणायचा नाही. ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं. दुसरी जागा नसेल तर ती मिळेपर्यंत, किंवा निवृत्तीपर्यंत, जादा जागा निर्माण करून त्याला ठेवायचं. एवढं स्पष्ट!

फक्त एक अट. हे सगळं सरकारी आस्थापनांपुरतं.

म्हणजे आमच्याच गल्लीतला एखादा एसटीचा ड्रायव्हर अपघातात पाय गमावून बसला, तर कायदा त्याच्या मागे उभा राहतो. त्याला डेपोत टेबलाचं काम मागता येतं. आणि त्याच्या शेजारचा, प्रेसवर बोटं गमावलेला पोरगा, त्याला मागता येत नाही. जखम तीच, गाव तेच. फरक फक्त पगार कुणाच्या सहीनं होतो त्याचा.

आपल्या मराठवाड्याचं तर आणखी वेगळं आहे. १९२३ चा कायदा झाला तेव्हा परभणी निजामाच्या राज्यात होती, त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानातला तो कायदा आपल्याला लागूच नव्हता. १९४८ नंतर देशाचे कायदे आले, पण ते कायदे ज्या कारखान्यांसाठी होते ते कारखाने आपल्याकडे होते किती? आपली माणसं ऊसतोडीला जातात. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता. दोघांतला एक जखमी झाला की कोयता मोडला, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल मात्र डोक्यावर तशीच. किंवा मग मळणी यंत्र. सोयाबीनच्या दिवसांत आमच्याकडे असं गाव नाही जिथे मळणी यंत्रात हात गेलेला एखादा माणूस नाही.

इथे दोन गोष्टी कामाच्या आहेत म्हणून सांगतो. शेतकरी अपघाताची जी सरकारी योजना आहे, गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची, तिच्यात एक अवयव गेला तर एक लाख आणि मृत्यू किंवा दोन अवयव गेले तर दोन लाख रुपये मिळतात. पण ती सातबाऱ्यावर नाव असलेल्या खातेदारासाठी आणि त्याच्या घरातल्या एका माणसासाठी. मजुराचं काय? लोकांना वाटतं त्याला काहीच नाही. तसं नाही. १९२३ च्या कायद्याच्या यादीत, यंत्रशक्तीवर चालणाऱ्या साधनांनी होणाऱ्या शेतीतले मजूरही होते. म्हणजे मळणी यंत्रावर रोजानं गेलेल्या माणसाला भरपाई मागता येते. दावा दोन वर्षांच्या आत करायचा. भरपाई ठरूनही महिन्याभरात दिली नाही, तर वर व्याज आणि दंडही लागू शकतो. कारखान्यात ईएसआय असेल तर मात्र वेगळी भरपाई मागता येत नाही, ईएसआयकडूनच घ्यायची. आणि कुणी पंचवीस-तीस हजार हातावर ठेवून कोऱ्या कागदावर सही मागत असेल, तर करू नका.

एक अनुभव देशभर सारखा दिसतो. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांतल्या जखमी कामगारांसाठी सेफ इन इंडिया नावाची संस्था काम करते. तिच्या अहवालांत पुन्हा पुन्हा येतं की कित्येकांना ईएसआयचं कार्ड अपघात झाल्यानंतर मिळालं. तेव्हा आपल्या पोरांना कामाला पाठवताना पगार किती हे विचारतो, तसंच कार्ड हातात आलं का, हेही विचारत चला.

आता शेवटाकडे येतो. जर्मनीत २००४ पासून एक नियम आहे. वर्षभरात सहा आठवड्यांहून जास्त काळ कामगार आजारी असेल, तर मालकानं स्वतःहून त्याला बोलवायचं, समोर बसायचं आणि विचारायचं: तुला परत येता यावं म्हणून काय बदलू? वेळ बदलू, काम बदलू, यंत्र बदलू? कामगार नको म्हणू शकतो. मालकाला विचारणं टाळता येत नाही.

एवढंच. विचारणं. त्या सुपरवायझरनं माझ्या भावाला तेच विचारलं होतं, कुठल्याही कायद्याशिवाय. "तुला काय जमंल?" आणि तीन महिने तो माणूस स्टोअरमध्ये नीट काम करत होता. म्हणजे काम करता येत होतं. काम होतंही. मधे आलं ते कंत्राट.

लोखंड्यांच्या १८८४ च्या त्या मागणीचा हिशेब मांडला, तर पहिला भाग, बरा होईपर्यंत पूर्ण पगार, ज्यांना ईएसआय आहे त्यांना नव्वद टक्के मिळाला. दुसरा भाग, उपजीविकेची सोय, सरकारी नोकराला मिळाली. बाकीच्यांना कोष्टक मिळालं. २०२० साली जुने नऊ कायदे एकत्र करून सामाजिक सुरक्षा संहिता झाली, त्यात १९२३ चा कायदाही आला आणि ईएसआयचाही. संहिता नवी आहे, पण कंत्राटी कामगाराला त्याच्या जुन्या जागी किंवा जमेल त्या जागी परत घ्याच, असं तिच्यातही कुणाला बांधलेलं नाही.

रविवारची सुट्टी आपण दर आठवड्याला घेतो आणि लोखंड्यांचं नावही घेतो. त्याच कागदावरची शेवटची ओळ मात्र तशीच पडून आहे.

भाऊ सध्या चारठाण्यातच आहे. पहाटे उठायची सवय सुटलेली नाही. परवा फोनवर म्हणाला, जिंतूरला एका दुकानात हिशेबाचं काम आहे म्हणतात, डाव्या हाताचं अक्षर चालंल का त्यांना? मी म्हणालो, जाऊन विचार. उद्या सकाळच्या गाडीनं जातो म्हणाला.

यादवांचा भाग पुढच्या वेळी नक्की. भेटू.